यात गाडी कुठाय?

गेल्या वर्षी एका पुरवणीसाठी मी एक लेख पाडला. हो, पाडलाच! ‘कॉलेजियन्ससाठी टाइम मॅनेजमेंटचे दहा फंडे’. सकाळी उठल्या उठल्या दिवसाची यादी करा, पंचवीस मिनिटं अभ्यास आणि पाच मिनिटं ब्रेक घ्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, ‘नाही’ म्हणायला शिका... असला सगळा माल. फ्रीलान्सर माणसाला महिन्याचं भाडं भरायचं असतं, त्यामुळे असे दहा-दहा फंडे आम्ही चहा गार व्हायच्या आत लिहून देतो. लेख छापून आला, मी फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला टाकला. चार अंगठे, दोन ‘सही’, एका मावशीकडून गुलाबांचा गुच्छ. आणि रात्री उशिरा एक मेसेज.

‘छान लिहिलंयस. पण यात गाडी कुठाय?’

मेसेज पळसदरीचा होता.

आता पळसदरी हे माणसाचं नाव नाही, स्टेशनचं आहे. पण लेडीज डब्यात रोज भेटणाऱ्या बायकांना नावं नंतर कळतात, स्टेशनं आधी. वांगणी, नेरळ, शेलू... ‘ए नेरळ, जरा सरक ना’ असं बिनधास्त चालतं. मी ‘खोपोली’ होते आणि ती ‘पळसदरी’. योगायोगाने आम्ही दोघी एकाच कॉलेजला, एकाच वर्गात, २०१५ साली बीएमएमला आलो. मुंबईत, दादरच्या आसपास.

वीकेंडला कर्जतच्या फार्महाऊसवर चिल मारायला येणाऱ्या मंडळींना कर्जतपर्यंतचा रस्ता पाठ असतो. त्यापुढचं थोडं सांगते. सीएसएमटीपासून कर्जत शंभर किलोमीटर. तिथून मेन लाइन घाट चढून पुण्याकडे जाते. (त्यासाठी गाडीला जादा इंजिनं लावतात आणि तेवढ्या वेळात तुम्ही वडा खाता!) आणि एक फाटा घाटाच्या पायथ्यानेच खोपोलीला येतो. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. पाच स्टेशनं, पंधरा किलोमीटर, सिंगल लाइन. एक गाडी चुकली की पुढची थेट तासा-दीड तासाने, आणि तीसुद्धा बऱ्याचदा कर्जतपर्यंतच. पुढे पूल चढायचा, उतरायचा, दुसरी गाडी पकडायची.

गाडी बदलायची सवय आमच्या गावाला जुनी आहे म्हणा. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीला पोचली आणि घाटाचं काम पूर्ण व्हायला १८६३ उजाडलं. मधली काही वर्षं पुण्याला जाणारे लोक आमच्याकडे उतरायचे, पालखीतून नाहीतर तट्टावर बसून घाट चढायचे आणि वर पुन्हा गाडी पकडायचे. मुंबईच्या घड्याळावर चालायची सवयही तशीच जुनी. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून टाटांचं वीजघर खोपोलीत १९१५ साली सुरू झालं. नंतर कंपन्या आल्या, भोंगे आले. माझे बाबा त्यातल्याच एका कंपनीत तीन शिफ्टमध्ये. आमच्या घरात ‘किती वाजले?’ या प्रश्नाचं उत्तर भिंतीवर बघून कोणी देत नसे. ‘भोंगा झाला’, ‘गाडी गेली’, बस.

कॉलेजचं पहिलं लेक्चर साडेसातला. सकाळचे साडेसात! टाइमटेबल लावणाऱ्या माणसाचं घर कॉलेजसमोर असणार याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती.

मग काय, मी गाडीचा सॉलिड अभ्यास केला. कर्जतला बसायला जागा मिळते हा आमच्यासारख्यांचा एकमेव फायदा. कर्जत ते बदलापूर, म्हणजे भिवपुरी, नेरळ, शेलू, वांगणी करत जाणारी पाऊण तासाच्या आतली वेळ, ही वाचायची. डबा शांत असतो, निम्म्या बायका झोपलेल्या. बदलापूर आलं की वही बंद. तिथून पुढे कोपर हलवता येत नाही, पान काय उलटणार? त्यासाठी मी आदल्या रात्री स्वतःच्याच आवाजात नोट्स मोबाइलवर रेकॉर्ड करायचे आणि कानात घालून ऐकायचे. स्वतःचा आवाज पहाटे ऐकणं हा भयंकर प्रकार आहे, पण ‘मीडिया लॉ’सारखा विषय मी असाच काढला. कल्याणनंतर काहीच नाही, फक्त डोकं वर ठेवायचं आणि बॅग पुढे घ्यायची. परतीच्या गाडीत कल्याणपर्यंत उभं, बदलापूरनंतर झोप. कर्जतला उठवायचं काम समोर मेथी निवडत बसलेल्या काकूंचं. त्यांना त्यासाठी कधी सांगावंसुद्धा लागलं नाही.

सबमिशनचा नियम वेगळा. शेवटची तारीख म्हणजे आमच्यासाठी आदला दिवस, पावसाळ्यात त्याच्याही आधीचा. शीव-कुर्ल्याला पाणी भरलं की संपलं. बाकीची पोरं रात्री बारापर्यंत जागून पहाटे प्रिंट काढायची, आमची फाइल तेव्हा दोन दिवस बॅगेत पडलेली असायची.

आणि ग्रुप प्रोजेक्ट! शहरातली मुलं म्हणायची, संध्याकाळी पाचला भेटू, कट्ट्यावर. पाचला भेटलं तर घरी पोचायला रात्रीचे साडेनऊ. म्हणून मी शूटिंगच्या टीममध्ये कधी गेलेच नाही. एकटीने, घरी बसून, रात्री होईल ते काम मागून घ्यायचे, म्हणजे स्क्रिप्ट, रिपोर्ट, कॅप्शन. पुढे लोक विचारायला लागले, लिहायची आवड कशी लागली? मी काहीतरी छानसं सांगते. खरं सांगायचं तर कॅमेऱ्याची वेळ माझ्या गाडीला जुळत नव्हती.

एफवायला असताना कॉलेजने आमच्यासाठी एक वर्कशॉप ठेवलं. टाइम मॅनेजमेंटच! टाय लावलेले एक सर आले, प्रोजेक्टर लावला. अर्जंट आणि इम्पॉर्टंट यांचे चार चौकोन दाखवले. मग एक काचेची बरणी काढली. आधी मोठे दगड, मग खडे, मग वाळू, सगळं बरोब्बर मावलं. उलट क्रमाने घातलं तर मावत नाही. स्टिफन कोव्ही या अमेरिकन लेखकाच्या पुस्तकांमुळे हे चौकोन आणि बरणी जगभर फिरली आणि शेवटी आमच्या सेमिनार हॉलमध्येही आली. टाळ्या पडल्या. पळसदरी माझ्या कानात म्हणाली, ‘बरणी केवढी आहे ते आधी विचार की.’

मग सरांनी एकेक कागद वाटला. कालच्या दिवसाचे चोवीस तास मांडा. म्हणजे ‘टाइम वेस्टर्स’ कुठे आहेत ते दिसेल.

पळसदरीचा कागद मला आजही आठवतो, कारण मी शेजारीच बसले होते. घर ते कॉलेज आणि परत, सहा तास. त्यात पहाटे स्टेशनपर्यंत चाळीस मिनिटांची चाल आली, हातात बॅटरी आणि सोबत बाबा. कॉलेज, सहा तास. झोप, सहा. पाणी भरणं, स्वयंपाक, घरचं-शेतावरचं काम, साडेतीन. आंघोळ-जेवण वगैरे, दीड. अभ्यास, एक. बेरीज चोवीस. तिने खाली रेघ मारून बेरीज पुन्हा केली, कारण तिला वाटलं आपलं काहीतरी चुकलं.

सर कागद बघत फिरत होते. तिच्या कागदाशी थांबले, प्रवासाच्या सहा तासांभोवती लाल गोल काढला आणि म्हणाले, ‘धिस इज युअर गोल्डन टाइम!’ मग माझा कागद उचलला. माझ्या कागदावर अभ्यासाचे तीन तास होते, प्रवासातलं वाचन वेगळं. ‘हिच्याकडून शिका. ही पण लांबून येते.’ मला झकास वाटलं. खोटं कशाला सांगू, आठवडाभर वाटत होतं.

माझ्या कागदावर स्वयंपाकाच्या रकान्यात शून्य होतं. पाण्याच्या रकान्यात शून्य होतं. आमच्या घरी गजराचं एक जुनं घड्याळ होतं. ते आई रात्री स्टीलच्या ताटलीत ठेवायची, म्हणजे वाजलं की ताटलीसकट थरथरायचं. पावणेचारला. मी सव्वाचारला उठायचे, तेव्हा पाणी तापलेलं, डबा भरलेला, ओढणीला इस्त्री झालेली. पावसाळ्यात बूट चुलीजवळ ठेवून वाळवलेले. बाबांची फर्स्ट शिफ्ट असेल तर आणखी एक डबा. मी जायची, बाबा जायचे, मग ती ब्लाऊज शिवायला बसायची, आणि रात्री मी जेवून नोट्स रेकॉर्ड करत असताना ती भांडी आवाज न करता घासायची. रेकॉर्डिंगमध्ये आवाज येतो म्हणून मीच ओरडले होते एकदा.

सरांच्या कागदात हे लिहायला रकाना नव्हता. असता तरी मी भरला असता का, माहीत नाही. अठरा वर्षांच्या पोरीला आपली शिस्त आपलीच वाटते.

पळसदरीला आई होती, पण आजारी. दोन लहान भावंडं. आणि भातशेती. आता ज्यांनी भात फक्त ताटात पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते. पाऊस पडला की रोप टाकतात. ते साधारण तीन आठवड्यांचं झालं की उपटून लावायचं. लावणी. जास्त वाढू दिलं तर पीक मार खातं. आणि तेव्हा चिखलणीला पुरेसा पाऊसही पाहिजे. म्हणजे जुलैतले काही मोजके दिवस, त्यात गावातल्या सगळ्यांचीच घाई, मजूर मिळत नाहीत, घरातले सगळे हात वावरात. तुमच्या-माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही डेडलाइनला एक्स्टेन्शन मिळतं. या डेडलाइनला मिळत नाही.

एसवायच्या वर्षी, २०१६ च्या जुलैमध्ये, ती दहा-बारा दिवस आली नाही. त्यात सकाळची गाडी लेट झाली की पहिलं लेक्चर गेलं, असे कितीतरी दिवस. पंचाहत्तर टक्के अटेंडन्सचा नियम आहेच. सप्टेंबरमध्ये बोर्डावर डिफॉल्टर्सची यादी लागली. पालकांना घेऊन या.

तिचे बाबा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पहाटेच्याच गाडीने, तिच्याबरोबर. आम्ही स्टाफरूमच्या बाहेर उभ्या होतो, दार उघडंच होतं. ते काही भांडले नाहीत, समजावायलाही गेले नाहीत, नुसते ‘हो सर’, ‘हो सर’ म्हणत होते. आतल्या सरांचा आवाजही चढलेला नव्हता. त्यांनी अगदी समजुतीने सांगितलं, ‘मुलगी हुशार आहे. फक्त तिला जरा टाइम मॅनेजमेंट शिकवा.’

बाबा बाहेर आले आणि मला म्हणाले, ‘ते काय शिकवायचं ते तू हिला सांग गं. तुला जमतं ना.’

मी हो म्हटलं.

मला तेव्हाच आत जाऊन सांगता आलं असतं की हिच्याइतका मिनिटाचा हिशेब या कॉलेजात कोणालाच जमत नाही. नाही गेले. माझी अटेंडन्स ८१ टक्के होती आणि मला ती तशीच ठेवायची होती. ते वर्ष तिने कसंबसं काढलं. टीवायला ती आली नाही. मुंबई विद्यापीठाच्या ‘आयडॉल’मधून, म्हणजे घरी बसून, तिने बीए पूर्ण केलं, तेही लग्न ठरायच्या धांदलीत. त्या पदवीसाठी तिला एकही गाडी पकडावी लागली नाही. परीक्षेच्या सोडून.

आता माझ्या टाइम मॅनेजमेंटचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. एमएच्या शेवटच्या वर्षाला असताना मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या. सर्वसामान्यांना पुन्हा चढायला मिळालं ते थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये, तेसुद्धा ठरावीक वेळातच. रोजचे साडेपाच-सहा तास अचानक माझ्या पदरात पडले. मी मनात म्हटलं, आता डेझर्टेशन असं लिहिते की बघत राहाल! आधीच्या अंदाजाने महिनाभराचं काम होतं. वेळ मिळाला, मुदत वाढली, पुन्हा वाढली. मी खिडकीत बसून मोबाइल बघत राहिले. पान पुढे सरकेना. ‘काम हातातल्या वेळाइतकं फुगतं’ असं पार्किन्सन नावाच्या इंग्रज माणसाने १९५५ सालीच लिहून ठेवलंय, पण ते वाचून काय होतं! १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या तीन मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४. लागले ५५च्या वर. मला तर नव्वदच्या वर लागले. बदलापूर येणार नसेल तर वही बंद कधी करायची आणि उघडायची कधी, हेच मला कळेना.

त्या दिवसांत एकदा पहाटे पाणी प्यायला उठले तर आई स्वयंपाकघरात बसलेली. दिवा न लावता. पावणेचार वाजले होते. गाडी नाही, भोंगा नाही, डबा कुणालाच नको. मी म्हटलं, झोप ना. म्हणाली, ‘डोळा उघडतो गं. आता उठून करायचं काय तेच समजत नाही.’

एक गंमत म्हणजे देशभर १९०६ साली एकच वेळ लागू झाली तरी मुंबईने आपला ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत चालू ठेवला होता, देशाच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आधी काय आठवलं असेल? ३९ मिनिटं! म्हणजे आई सव्वाचारच्याही पुढे झोपली असती. (तसं काही होत नाही, गाडीही त्याच घड्याळाने मागे सरकते. पण हिशेब करून बघितला खरा.)

तर, पळसदरीच्या त्या मेसेजला मी रात्री उत्तर दिलं नाही. सकाळी फोन केला. ती आता कर्जतजवळच्या एका रिसॉर्टमध्ये बुकिंग सांभाळते. म्हणाली, ‘अगं, रागावून नाही लिहिलं. आमच्याकडे गेस्ट येतात ना शुक्रवारी रात्री, ते सगळे तुझ्या लेखातल्यासारखे असतात. येतानाच सांगतात, आम्हाला दोन दिवस घड्याळ बघायचं नाहीये. मी म्हणते नका बघू, ब्रेकफास्ट फक्त दहापर्यंत आहे.’ आणि हसली. मग मीच तो स्टाफरूमचा विषय काढला. इतक्या वर्षांनी. ती थोडा वेळ गप्प होती. म्हणाली, ‘तू आत गेली असतीस तर तुझंपण नाव लागलं असतं यादीत. बाबा तुला काही म्हणाले नव्हते ना?’ नव्हते. ‘मग झालं तर. चल, चेक-इन आलंय.’

त्यानंतर मी मे महिन्यात घरी गेले तेव्हा आम्ही कर्जत स्टेशनवर भेटलो. ती स्कूटीवरून आली, मागे तिची चुलतबहीण. बारावी झालेली, डोळ्यांत चमक, हातात कागद. कागदावर तीन कॉलेजांची नावं, एक मुंबईतलं, एक कल्याणचं, एक इथलंच. ‘ताई, तुम्ही मीडियात आहात ना, कुठलं घेऊ?’

मी वडापाव हातात धरून सुरुवात केली. आधी तुला काय आवडतं ते बघ, फॅकल्टी बघ, इंटर्नशिप...

पळसदरीने तिच्या हातातला कागद घेतला. ‘यातल्या कुठल्या कॉलेजचं पहिलं लेक्चर किती वाजता असतं?’

पोरीला माहीत नव्हतं. माहितीपत्रकातही नव्हतं. तिथेच बाकड्यावर बसून आम्ही एकेका ऑफिसला फोन लावले. एकाने उचलला नाही. एक बाई म्हणाल्या, अ‍ॅडमिशन झाल्यावर कळेल. पळसदरीने फोन माझ्या हातातून घेतला आणि शांतपणे सांगितलं, ‘नाही मॅडम, आम्हाला आधी कळायला पाहिजे. मुलगी खोपोली लाइनची आहे.’ पलीकडे कागदांची खुडबुड झाली. नऊ वीस.

आम्ही तिघींनी एम-इंडिकेटर उघडलं.